चोविसावी पट्टी

४ जून, मंगळवार

धाकट्या,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो. तेवढा शब्द लिहायला हात चालला नाही, म्हणून नुसतंच धाकट्या लिहिलं आहे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून टपालाने लिहिते आहे. पत्ता वाद्यांच्या दुकानदाराने दिला. आधी का-कू करत होता. कुणालाही देऊ नको असं तू बजावलं होतंस म्हणाला. मी म्हटलं, मी सख्खी बहीण आहे. तो म्हणाला, "तुमचंच नाव घेऊन सांगितलं होतं, ताई." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याने पावतीच्या मागे पत्ता लिहून दिला.

भिंगरीचं ह्यांनी तुला कळवलं होतं. तू येऊ शकला नाहीस याबद्दल आमच्या मनात काही नाही. सोमवारी सकाळी डोकं दुखतंय म्हणाली. मी तापाची गोळी देऊन कामावर गेले, कारण प्रयोगशाळेत त्या दिवशी तलावाच्या पाण्याचे नमुने यायचे होते. मंगळवारी तिला उजेड सहन होईना. गुरुवारी दुपारी गेली. मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग. लोक विचारतात तेव्हा मी एवढंच सांगते. तुलाही एवढंच लिहिते.

काम असं आहे. आमच्या घरात तिच्या गाण्याचा आवाज कुठेही नाही. फोनमध्ये तिचे व्हिडिओ आहेत. त्यांत ती पळते, दार लोटते, "आई, बघ ना" म्हणते. गाणं एकातही नाही. कारण तुला माहीत आहे. कच्चं गाणं टिपून ठेवायचं नाही, हा बाबांचा नियम. तुझा-माझा एक सूरही त्यांनी कधी टेपवर येऊ दिला नाही. गाणं पिकू दे, मग बघू, म्हणायचे. मी तोच नियम तिला लावला. पिकायला बारा वर्षं पुरत नाहीत.

तुझ्या संगीताच्या वर्गात मात्र तू नोव्हेंबरात मुलांचं ते सिनेमातलं गाणं रेकॉर्ड केलं होतंस. एकेका मुलाला नकाशे ठेवायच्या खोलीत उभं करून, कानांना हेडफोन लावून. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येकाच्या आवाजाची वेगळ्या रंगाची पट्टी, एकाखाली एक. ती मला रंगीत खडूंनी काढून दाखवायची. तिची पट्टी जांभळी होती.

मी शाळेत जाऊन आले. मोठ्या बाई म्हणाल्या, त्या पत्रानंतर आम्ही सगळं पुसून टाकलं. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांचे आवाज टिपले अशी लेखी तक्रार आली होती, ठेवता येईना. ते निनावी पत्र ज्याने कुणी लिहिलं, त्याला त्यातून काय मिळालं कोण जाणे.

तुझ्याकडे प्रत असेल तर पाठव. तुझी नोकरी गेली त्या चौकशीच्या बैठकीत मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलले नाही, त्याचा राग तू धरला आहेस. धर. पण हे पाठव.

ताई

२२ जून, शनिवार

धाकट्या,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. प्रत आहे हे वाचून मी खुर्चीवरून उठले, आणि कुठे जायचं ते न कळून परत बसले.

तुझी अट वाचली. गाणं चोवीस मुलांचं आहे, त्यातून एकटीची पट्टी काढून देणार नाही. ज्या परवानगीवरून नोकरी गेली ती परवानगी आधी आणा, तेवीस घरांची, सहीनिशी. 'आणा' असं लिहिलं आहेस. ज्या बहिणीने तुझं वाहणारं नाक पदराने पुसलं तिला अहो-जाहो. ठीक आहे. आणते.

कामावरून सुटल्यावर रोज दोन-तीन घरं करते. मोठ्या बाईंनी पत्ते दिले. मी एक साधा अर्ज टाइप केला आहे: माझ्या मुलाचा किंवा मुलीचा आवाज असलेलं गाणं देण्यास हरकत नाही. खाली नाव, सही. लोक दार उघडतात, मला ओळखतात, आणि काही बोलायच्या आधीच बसायला खुर्ची पुढे करतात. मला ते नको असतं. तरी बसते.

नळ दुरुस्त करणारा तो पालक तुला आठवत असेल, ज्याचा मुलगा एकाच सुरात गातो. तो म्हणाला, "आमचं पोरगं गातं? अहो, त्यापेक्षा बेडूक बरा." आतून त्याची बायको म्हणाली, "बापावर गेलंय." मग तोच सांगू लागला, "पण सरांनी त्याला बाहेर नाही काढलं हं. म्हणाले, तू गाऊ नको, पट्टीने बाकावर ठेका धर. तेव्हापासून घरात एक पातेलं धड राहिलेलं नाही. आणि ते साबणाच्या जाहिरातीचं गाणं घेऊन त्यावर सातचा पाढा बसवला. पाढा आला ना त्याला! दोन वर्षं मी मारून मारून आला नव्हता." सही करताना त्याने अर्ज भिंतीला टेकवला. "ज्याने ते पत्र लिहिलं ना ताई, त्याला एकदा समोरासमोर बघायचंय मला."

मी म्हटलं, पेन नीट उठत नाहीये का, माझं घ्या.

असं बऱ्याच घरांत होतं. कुणी म्हणतं, मुलगी आता गाण्याचं नावच काढत नाही. नवीन बाई आल्या आहेत, त्या वहीत सुरांची नावं लिहून घेतात. एकीने तिच्या मुलाचा फोन दाखवला. तू शिकवलेल्या त्या फोनमधल्या पियानोवर तो अजून रोज बोटं चालवतो, आवाज बंद करून, कारण वडील ओरडतात.

बावीस सह्या झाल्या. एक राहिली आहे, दातांच्या डॉक्टरीणबाईंची. सगळ्यांचं म्हणणं, पत्र त्यांनीच लिहिलं. "असला शिष्टपणा दुसरं कोण करणार? मुलीला मेली हसूही देत नाही मोठ्याने." त्यांच्या मुलीला वर्गात सगळे 'चहाडखोर' म्हणायला लागले. शेजारी कुणी बसेना. मार्चमध्ये त्यांनी तिला त्या शाळेतून काढलं. मला हे माहीत नव्हतं. भिंगरीने घरी सांगितलं नाही.

सोमवारी त्यांच्याकडे जाईन.

ताई

९ जुलै, मंगळवार

धाकट्या,

तेवीस परवानग्या वेगळ्या पाकिटातून पाठवल्या आहेत. हे पत्र वाचून तू रागाने फाडलंस तर त्यांतल्या सह्या फाटू नयेत.

डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ तोंड उघडून बसले होते. त्यांना तसंच ठेवून बाई बाहेर आल्या, हातमोजे काढले आणि अर्ज न वाचताच सही केली.

मी म्हटलं, "वाचा तरी."

"काय वाचायचं? तुमचं कळलं होतं मला. यायला हवं होतं, धीर झाला नाही." मग म्हणाल्या, "माझीला वाळीत टाकलं होतं ना सगळ्यांनी, तेव्हा डबा खायला तुमची भिंगरी तिच्याशेजारी बसायची. ती एकटीच."

मी अर्ज पिशवीत ठेवला.

"ते पत्र मी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आता सांगून उपयोग नाही. पण तुम्ही तरी विश्वास ठेवा."

"ठेवते," मी म्हटलं. तेवढ्यात आतले गृहस्थ खाकरले आणि त्या गेल्या.

धाकट्या, ते पत्र मी लिहिलं.

प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर लिहिलं, कारण माझं अक्षर शाळेत ओळखीचं आहे. खाली 'एक पालक' असं घातलं. आता कारणं लिहिते. सबब म्हणून नाही. तू आपल्या मनाने दुसरी काढशील, त्यापेक्षा खरी कळलेली बरी.

ते गाणं मला आवडत नव्हतं. प्रत्येक दुकानात वाजणारं, घर सोडून निघालेल्या पोरीचं गाणं, आणि आपल्या घरची मुलगी ते म्हणणार. पण तेवढ्यावरून कुणी सख्ख्या भावाविरुद्ध पत्र लिहीत नाही. खरी गोष्ट अशी की ती संध्याकाळी गाणं शिकायला माझ्यासमोर बसायला टाळाटाळ करू लागली होती. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मामाकडे गाताना पोटात दुखत नाही."

तुला आठवतं, बाबांसमोर बसायच्या आधी माझ्या पोटात काय व्हायचं? तू तर परसात पळून जायचास. मला वाटायचं, गाणं असंच येतं. वीस वर्षं मी तसंच समजत होते. आणि तू एक लॅपटॉप आणि चार जाहिराती घेऊन आलास आणि मुलं हसत हसत सुरात गायला लागली. एकदा ती मला म्हणाली, "आई, या मोबाइलच्या जाहिरातीत आणि आजोबांच्या त्या गाण्यात तेच चार सूर आहेत, फक्त उलटे." मी वाजवून बघितलं. बरोबर होतं. मी तिला शाबासकी दिली नाही.

मी तिला बजावलं होतं की ते गाणं तू म्हणायचं नाहीस. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती घरी आली ती कानांना लाल वळ घेऊन. हेडफोनचे. तोंड मिटून तेच गुणगुणत होती. मी विचारलं, "म्हटलंस ना?"

"नाही गं आई. मी फक्त उभी होते."

"खोटं बोलू नकोस."

"खरंच. मामाला विचार."

मी तुला विचारलं नाही. मला वाटलं, तू तिला गाणं तर शिकवलंसच, वर आईशी खोटं बोलायलाही शिकवलंस. चार दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी पत्र लिहिलं.

नोकरी ज्या वाक्याने गेली, ते परवानगीचं वाक्य, मी सगळ्यांत शेवटी घातलं. पत्र आखूड वाटत होतं म्हणून. त्यातून इतकं होईल असं वाटलं नव्हतं, असं लिहिणार होते. पण मी रोज नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते. एका चुकीच्या चिठ्ठीने काय होतं हे मला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.

बैठकीत मी गप्प बसले ती भित्री म्हणून, असं तू समजलास. तेवढंच असतं तर बरं झालं असतं.

मला तिचा आवाज हवा आहे. ती खोटं बोलली असली तरी चालेल. उलट, म्हटलं असेल तर बरंच आहे, निदान ऐकता येईल. पण हे सांगितल्याशिवाय तो घेणं मला जमेना. आता पाठवायचं की नाही ते तू ठरव. नाही पाठवलंस तरी मी पुन्हा मागणार नाही.

ताई

४ ऑगस्ट, रविवार

धाकट्या,

तुझं पार्सल आलं. आत पत्र नव्हतं. पेनड्राइव्हच्या डबीवर चिकटवलेल्या कागदावर एवढंच होतं: 'जांभळी. आवाज पूर्ण वाढवून ऐक.' ऐक लिहिलं आहेस, ऐका नाही. तेवढं मी पाहिलं.

शाळेतले कॉम्प्युटरचे सर घरी आले आणि पट्ट्या दाखवणारा तो प्रोग्राम आमच्या कॉम्प्युटरवर घालून दिला. कुठली कळ दाबली की सगळे गातात, कुठल्या कळीने एकच पट्टी ऐकू येते, ते दाखवलं. आधी सगळं गाणं लावलं. मी तयारी करून बसले होते की मला ते आवडणार नाही. चांगलं आहे. दुसऱ्या कडव्यात शेवटचा सूर सगळी मुलं एकदम सोडतात. बाबांना हे दहा मुलांकडूनही कधी करून घेता आलं नाही. तू त्यांना पट्ट्यांची टोकं पडद्यावर दाखवून शिकवलं असणार. नळवाल्याच्या मुलाचा ठेका एकदाही पुढे-मागे होत नाही.

तेवीस पट्ट्या डोंगरासारख्या वर-खाली होत्या. जांभळी सरळ रेघ होती.

सर म्हणाले, "ताई, ही रिकामी आहे. नुसती खरखर येतेय. काढून टाकू का? गाणं स्वच्छ होईल."

मी म्हटलं, "राहू दे." ते चहा न घेताच गेले.

ह्यांनी हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. तुला माहीत आहे, लिफ्टच्या मोटारी दुरुस्त करून ह्यांचे कान अर्धे गेलेले. काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "सुरुवातीला काहीतरी बोलल्यासारखं वाटतं. पुढं काही नाही यात."

मग मी ऐकलं.

सुरुवातीला तुझा आवाज आहे. "तयार?" मग ती. "मामा, मी म्हणणार नाही. आईनं नको सांगितलंय." तू म्हणतोस, "मग जा वर्गात, भिंगरे." ती म्हणते, "नुसती उभी राहू? सगळे उभे राहिले ना." तू म्हणतोस, "राहा." दार लागतं.

त्यानंतर तिच्या हेडफोनमधून बाहेर झिरपणारं गाणं, मुंगी चालावी इतकं बारीक. आणि तिचा श्वास.

हे ह्यांना ऐकू आलं नाही आणि सरांना कळलं नाही. मला कळलं. ती प्रत्येक ओळीच्या आधी श्वास घेते. ओळ संपेपर्यंत सोडत नाही. ध्रुवपदाची लांब ओळ आहे ना, तिच्या मधे एक चोरटा श्वास घ्यावा लागतो, नाहीतर शेवटचा सूर पडतो. तो कसा घ्यायचा हे मीच तिला शिकवलं होतं, माझ्यासमोर बसायची तेव्हा. तिन्ही वेळा ती तो बरोबर जागी घेते. दुसऱ्या कडव्याचा शेवटचा सूर सगळ्यांबरोबर सोडते. तीन मिनिटं बारा सेकंद ती ते सगळं गाणं गायली आहे, तोंडातून एक सूर न काढता.

खोटं बोलली नव्हती.

मी ह्यांना पत्राचं सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते म्हणाले, "पाकीट टपालपेटीत मीच टाकलं होतं. शाळेचा पत्ता बघितला, तुझा चेहरा बघितला, आणि टाकलं. विचारायला पाहिजे होतं." त्यानंतर दोन दिवस आम्ही घरात एकमेकांना वाट देत फिरत होतो.

डॉक्टरीणबाईंकडे गेले. या वेळी खुर्चीत कुणी नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी क्षमा मागितली, त्यावर म्हणाल्या, "माझ्या मुलीला सांगू का की तिच्याशेजारी कोण बसायचं आणि का? की तुमच्या भिंगरीला माहीत होतं?" मी म्हटलं, भिंगरीला माहीत नव्हतं. खरं म्हणजे मला ठाऊक नाही. पाकिटाचं ह्यांना माहीत असून ते गप्प राहिले, तर तिलाही असेल. त्या म्हणाल्या, "तुम्ही आता जा." मी गेले.

मोठ्या बाईंना माझ्या नावाने, माझ्या अक्षरात पत्र दिलं आहे. त्याच्या प्रती तेवीस घरी जातील असं त्या म्हणाल्या. नळवाल्याकडे मी स्वतःच गेले, त्याला समोरासमोर बघायचं होतं म्हणून. तो बराच वेळ बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि दार लावून घेतलं. तुला परत बोलावतील का, ते बाईंनी सांगितलं नाही. बोलावलं तर तू येशील का, ते मी विचारत नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली. गेल्या आठवड्यापासून हे सकाळी कामावर जायच्या आधी हेडफोन लावून बसतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "मला ऐकू येत नाही, तू सांग." म्हणून मी दुसरा हेडफोन लावून शेजारी बसते आणि तिने श्वास घेतला की बोट वर करते. आता ते माझ्या बोटाकडे बघत नाहीत. छाती फुगते तेव्हा बरोबर फुगते, मधल्या चोरट्या जागेवरसुद्धा. गाण्यातला एक शब्द त्यांना येत नाही. तीन मिनिटं बारा सेकंद झाली की हेडफोन काढतात, पिशवी उचलतात, आणि जातात.

तुझी ताई